जंगलात भान हरपतं, फोटोत मात्र हिरवा गिचका दिसतो. कॅमेरा बदलू का?

तुम्ही लिहिलंय की महिन्यातून दोन-तीनदा जंगलात जाता, आत शिरलं की भान हरपतं, दीड-दोनशे फोटो काढता आणि घरी येऊन बघावं तर सगळे सारखेच. हिरवा गिचका आणि मधूनमधून पांढरे ठिपके. शिवाय हल्ली फोटोंच्या नादात चालण्यातली मजाही गेलीय. म्हणून विचारताय की चांगला कॅमेरा घेऊ, की आहे तोही घरीच ठेवू?

मी बावीस वर्षं जंगलांत चालतोय आणि त्यातली बहुतेक वर्षं खांद्यावर कॅमेरा होता. गेली काही वर्षं नवख्या मंडळींना बरोबर नेतो. हा प्रश्न त्यांच्यातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडून ऐकलाय आणि सुरुवातीची चार-पाच वर्षं तो मलाही छळत होता. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फोटो जमत नाहीत आणि चालणं हरवलं, अशा दोन अडचणी तुम्ही सांगितल्यात. मला त्या एकच वाटतात. जंगलात आपण भारावतो ते चालण्यामुळे. चालणं मध्येच तोडून, घाईघाईत, एका जागेवरून अख्खं जंगल चौकटीत कोंबायला गेलं की दोन्ही हातचं जातं. नव्या कॅमेऱ्याने हे सुटणार नाही आणि कॅमेरा घरी ठेवून अर्धंच सुटेल.

आधी हे सांगतो की बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. तुमचं जंगल दाट सदाहरित आहे, पानझडी आहे की सूचिपर्णी, हे तुम्ही लिहिलेलं नाही. उंच, मोकळ्या सूचिपर्णी जंगलात खोडं आपसूक सुटी दिसतात, तिथे माझ्या निम्म्या सूचना लागणारही नाहीत. एकटे जाता की चौघांत, पहाटे जाता की सुट्टीच्या दिवशी निवांत उठून, यानेही फरक पडतो. माझा अनुभव मुख्यतः रुंद पानांच्या, वेली-झुडपांनी भरलेल्या जंगलांचा आहे. तुमच्या वर्णनावरून तुमचंही तसंच असावं असं धरून चालतो.

पुढच्या वेळी गेलात की एक साधा प्रयोग करा. दाट भागात पाच-सहा पावलं चालत राहा आणि नजर समोर ठेवा. जवळचं खोड झपकन मागे सरकतं, त्यामागचं जरा सावकाश आणि लांबचं जवळपास हलतच नाही. मेंदू या सरकण्यावरून खोली मोजतो. शिवाय दोन डोळ्यांत सहा-साडेसहा सेंटीमीटरचं अंतर असतं, त्याचीही भर पडते. आता थांबा, डोकं अजिबात हलवू नका आणि एक डोळा मिटा. क्षणभरापूर्वी थरांवर थर असलेलं जंगल एखाद्या छापील कापडासारखं सपाट होतं. कॅमेऱ्याला जंगल असंच दिसतं. तो एकाच डोळ्याचा आहे आणि तो चालत नाही.

दुसरा फरक त्याहून मोठा आहे. आपल्याला खरं स्वच्छ दिसतं ते नजरेच्या मधल्या, साधारण दोन अंशांच्या भागात. हात लांब करून अंगठा धरला तर त्याच्या नखाएवढीच ती जागा. बाकी सगळं अंधुक असतं. डोळा सेकंदाला दोन-तीन उड्या मारत हवं ते वेचतो, नको ते सोडतो आणि आपल्याला वाटतं की सगळं पाहिलं. प्रत्यक्षात तुम्ही त्या जंगलातल्या दहा-पंधरा गोष्टीच पाहिलेल्या असतात. कॅमेरा मात्र काहीच सोडत नाही. ज्या डहाळीकडे तुमचं लक्षही नव्हतं, ती तो अगदी मधोमध, सगळ्यांत ठळक करून ठेवतो. घरी फोटो बघताना जो गोंधळ दिसतो, तो जंगलात होताच. तुमच्या डोळ्यांनी तो तिथल्या तिथे निवडून टाकला होता एवढंच. आणि ओल्या मातीचा वास, गालाला लागणारा गारवा, मागून कुठून तरी येणारी सुतारपक्ष्याची टकटक, यांतलं काहीच फोटोत येणार नसतं. म्हणून चौकटीत जे येईल ते फार विचाराने निवडावं लागतं.

आता चालण्याबद्दल, कारण माझ्या मते सुरुवात तिथूनच करायची. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९८९ साली मांडलेली एक कल्पना मला फार पटते. कामात आपण लक्ष जोर लावून एका जागी धरून ठेवतो आणि त्याने थकतो. निसर्गात लक्ष विनासायास गुंतून राहतं, त्यामुळे तो थकवा उतरतो. झाडांखाली शिरल्यावर तुम्हाला जे होतं त्यात याचा वाटा मोठा असणार. आणि दर दोन मिनिटांनी फोन काढायचा, पडद्यावर बघायचं, मनासारखं आलं नाही म्हणून पुन्हा काढायचं, याने नेमकं तेच मोडतं. कारण जोर लावून बघणं पुन्हा सुरू होतं.

म्हणून माझी पद्धत अशी. पहिला अर्धा तास कॅमेरा पिशवीतच असतो. पिशवीचं तोंड बंद, गळ्यातही नाही. गळ्यात असला की हात आपोआप जातो. या अर्ध्या तासात मी फक्त चालतो आणि तेही खूप सावकाश. एरवी ताशी चार-पाच किलोमीटर चालणारा माणूस जंगलात फोटोसाठी ताशी एक किलोमीटर चालला तरी पुष्कळ झालं. आपण आलो म्हणून गप्प झालेले पक्षी पुन्हा बोलू लागतात, डोळे सावलीला सरावतात, श्वास खाली बसतो. मग कधीतरी पाय आपोआप थांबतात.

तिथे घाई करायची नाही. पाय कशाने थांबले, ते आधी स्वतःला विचारायचं. आणि उत्तर एका पूर्ण वाक्यात द्यायचं, मनातल्या मनात का होईना. ‘छान वाटतंय’ हे उत्तर चालणार नाही. ‘ही वेल या खोडाला तीन वेढे घेऊन चौथ्याला सुटलीय आणि हवेत लोंबतेय’, हे उत्तर चालेल. त्या वाक्यात नाम असतं, क्रियापद असतं आणि फोटोत काय हवं, काय नको, ते त्यातच ठरून जातं. वाक्य सुचत नसेल तर फोटो काढू नका, नुसते उभे राहा. तो वेळ वाया जात नाही, तुम्ही जंगलात त्यासाठीच तर आलेले असता.

एक उदाहरण देतो. एकदा माझ्याबरोबर एक शिक्षिका होत्या. साध्या फोनने भराभर फोटो घेत होत्या आणि तुमच्यासारख्याच वैतागल्या होत्या. एके ठिकाणी त्या थांबल्या आणि फोन वर करून समोरच्या झाडांच्या पूर्ण भिंतीचा फोटो घ्यायला लागल्या. मी विचारलं, ‘थांबलात कशाने?’ त्या म्हणाल्या, ‘सगळंच किती सुंदर आहे.’ मी म्हटलं, ‘सगळ्याने पाय थांबत नाहीत. जरा बघा.’ मिनिटभर त्या गप्प उभ्या राहिल्या आणि मग हळूच म्हणाल्या, ‘ते पान हलतंय. बाकी काहीच हलत नाहीये.’

मीही तोवर पाहिलं नव्हतं. वाळलेलं, तांबूस, दोन बोटांएवढं पान कोळ्याच्या एका धाग्याला अडकून हवेत लटकलं होतं. वारा अजिबात नव्हता, तरी ते सावकाश गरगरत होतं. एका दिशेला सात-आठ फेरे, मग क्षणभर थांबून उलट्या दिशेला. धागा दिसतच नव्हता. मागचं जंगल काळसर आणि चित्रासारखं स्तब्ध. फोन एका दगडावर टेकवून, शटरचा वेग एक अष्टमांश सेकंदावर आणून त्यांनी फोटो घेतला. झाडं कोरल्यासारखी स्पष्ट आणि मधोमध एक तांबूस, पुसट भोवरा. मी पाहिलेल्या उत्तम जंगल-फोटोंपैकी तो एक आहे. कॅमेरा तोच आणि जागाही तीच होती. फक्त आधी त्या ‘सगळं’ बघत होत्या, आता एक पान बघत होत्या.

आता उजेडाकडे येतो, कारण फोटोतले ते पांढरे ठिपके उजेडाचेच आहेत. तुम्ही बहुधा लख्ख उन्हाच्या दिवशी, दहा-अकराच्या पुढे जात असाल. तेव्हा जंगलात जमिनीवर आणि पानांवर कवडसे पडलेले असतात. कवडसा आणि त्याच्या शेजारची सावली यांच्या उजेडात सहा स्टॉपचा फरक सहज असू शकतो. दर स्टॉपला उजेड दुप्पट होतो, म्हणजे सहा स्टॉपला चौसष्ट पट. आपला डोळा एकीकडून दुसरीकडे जाताना स्वतःला जुळवून घेतो. फोटोत मात्र दोन्ही एकाच वेळी शेजारीशेजारी येतात आणि बघणाऱ्याची नजर दोनशे ठिपक्यांवर उड्या मारत राहते. फोन हल्ली चार-पाच फोटो एकत्र करून हा फरक दाबतो, पण त्यात सावलीचा सावलीपणाच जातो आणि सगळं पिठूळ दिसतं.

कवडशाबद्दल दोन गोष्टी सांगतो, कारण त्या कळल्या तेव्हापासून माझं बघणंच बदललं. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असतात, पण खाली पडणारे कवडसे बहुतेक गोल किंवा लंबगोल असतात. ती फट सुईच्या भोकासारखं काम करते आणि खाली उमटते ती खुद्द सूर्याची प्रतिमा. खंडग्रास ग्रहण असेल तेव्हा झाडाखालच्या सगळ्या कवडशांच्या कोरी होतात, त्या याचमुळे. सूर्याचा व्यास आणि त्याचं आपल्यापासूनचं अंतर यांचं प्रमाण साधारण १ ला १०८ आहे. म्हणून लहान फटीतून आलेल्या कवडशाखाली वही त्याच्याकडे तोंड करून धरली आणि गोल दहा सेंटीमीटरचा भरला, तर ती फट त्या किरणाच्या वाटेवर साधारण अकरा मीटर लांब आहे. झाडावर न चढता पानांचं छत किती उंच असेल याचा अंदाज असा घेता येतो.

दुसरी गोष्ट थेट फोटोच्या कामाची आहे. सूर्य आभाळात स्वतःच्या रुंदीएवढा सरकायला दोन मिनिटं घेतो. त्यामुळे त्याची ही प्रतिमाही दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढी सरकते. म्हणजे एखाद्या नेच्याच्या गुंडाळलेल्या टोकावर ऊन पडलेलं दिसलं, तर तुमच्याकडे दोन-अडीच मिनिटं आहेत. उलट कवडसा टोकापासून हातभर लांब असेल आणि त्याच दिशेने सरकत असेल, तर तो येईपर्यंत तुम्ही शांतपणे बसून तयारी करू शकता. मी असा कित्येकदा बसलोय. कवडसा सरकत येतो, आधी पानाची कड पेटते, मग लव दिसायला लागते, मग अख्खं टोक आतून दिवा लावल्यासारखं होतं आणि थोड्याच वेळात विझतं. उन्हाच्या दिवशी गेलात तर हाच विषय घ्या. एक कवडसा, एक पान. फोनवर उजळ भागावर बोट ठेवून उजेड खाली ओढा, कॅमेऱ्यावर एक्स्पोजर दीड-दोन स्टॉप कमी करा. आजूबाजूचं सगळं काळोखात जाऊ द्या. तो गिचका आपोआप नाहीसा होतो.

पण जंगल म्हणून जंगलाचा फोटो हवा असेल तर ढगाळ दिवस निवडा. धुकं असेल तर फारच उत्तम, नाहीतर पाऊस थांबल्यानंतरचा तास. धुकं ती हरवलेली खोली परत देतं. जवळचं खोड गडद, त्यामागचं फिकट, त्यामागचं त्याहून फिकट. अमेरिकन छायाचित्रकार एलियट पोर्टर मूळचा डॉक्टर. हार्वर्डमधलं शिकवणं आणि संशोधन सोडून १९३९ मध्ये तो पूर्णवेळ या कामाला लागला. रंगीत छायाचित्रणाला कला मानायला फारसं कुणी तयार नव्हतं त्या काळात त्याने जंगलांचे रंगीत फोटो काढले. ते मिळाले तर बघाच. थेट ऊन त्यांत क्वचित दिसतं. मऊ, पसरलेला उजेड, त्यात पानांचा खरा रंग आणि चौकटीत आभाळ बहुतेक नाहीच. अँसेल अ‍ॅडम्सने १९५८ साली न्यू मेक्सिकोत काढलेले अ‍ॅस्पेन झाडांचे कृष्णधवल फोटोही असेच बघण्यासारखे आहेत. तिथेही थेट ऊन नाही. उजळ पानं आणि बारीक फिकट खोडं, मागे जवळजवळ काळं जंगल. झाडं उठून दिसतात ती फिकट आणि गडद यांतल्या फरकामुळे.

इथे एक धोक्याची सूचना द्यायलाच हवी. २००९ साली जर्मनीतल्या ट्युबिंगनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी लोकांना अनोळखी जंगलात सरळ चालत राहायला सांगून त्यांचा माग नोंदवला. सूर्य दिसत होता तेव्हा माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. ढगाळ दिवशी ती गोल गोल फिरून स्वतःच्याच वाटेवर आली आणि त्यांना ते कळलंही नाही. म्हणजे फोटोला उत्तम तोच दिवस वाट चुकायलाही उत्तम. त्यात आपली नजर कॅमेऱ्यात असते. एका ढगाळ संध्याकाळी मी एका बुरशीच्या मागे वाटेपासून पन्नास-साठ पावलंच आत गेलो होतो, आणि वाट पुन्हा सापडायला पाऊण तास लागला. तेव्हापासून वाट सोडायच्या आधी मागे वळून परतीच्या दिशेचा एक फोटो घेतो, फोनवर जागा खूण करून ठेवतो आणि घरी कुणाला तरी सांगून निघतो. तुम्हीही हे करा, विशेषतः एकटे जात असाल तर.

इथवर जे सांगितलं त्याचा गाभा एवढाच की आधी चाला, पाय थांबले तर कारण वाक्यात पकडा आणि उजेड कुठला आहे ते बघून विषय लहान किंवा मोठा ठेवा. बाकीचं तंत्र यामागून येतं.

तंत्रात पहिलं म्हणजे जागा. बहुतेक जण उभे असतात तिथूनच, छातीच्या उंचीवरून फोटो घेतात. कारण ठरल्यावर मी अर्धं-अर्धं पाऊल डावी-उजवीकडे सरकतो, मग गुडघ्यावर बसतो, कधी थोडा वर चढतो. दोन खोडं एकमेकांवर चढली असतील तर वीतभर सरकल्याने त्यांच्यामध्ये फट उघडते आणि लगेच खोली दिसू लागते. तुमची चालण्याची हौस इथे उपयोगी पडते. मग शटर दाबण्याआधी चौकटीच्या चारही कडांवरून नजर फिरवा. कोपऱ्यातून घुसलेली फांदी आणि पानांच्या छतातून दिसणारी आभाळाची पांढरी भोकं, या दोन गोष्टी जंगलाचे सर्वांत जास्त फोटो बिघडवतात. कॅमेरा जरासा खाली झुकवला की आभाळ बहुधा निघून जातं.

दुसरं, हिरव्याचा भुलावा. दिवसाच्या उजेडात आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरव्याला सर्वाधिक संवेदनशील असतो. जंगलात आपण पोपटी, शेवाळी, काळपट असे कितीतरी हिरवे वेगळे ओळखतो. फोटोत ते एकमेकांत मिसळून जातात. मी बराच काळ कॅमेऱ्याचा पडदा कृष्णधवल ठेवून काम करतो. रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या मूळ नोंदीत, रंग तसाच राहतो, पण बघताना हिरव्याची भूल पडत नाही. कृष्णधवलमध्ये विषय उठून दिसला नाही तर रंगातही तो उठून दिसणार नाही. क्वचित अपवाद असतात, उदाहरणार्थ हिरव्या शेवाळावरचं लाल फूल. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगछटेप्रमाणे फोटोतले रंग जुळवणारी सोय, मात्र स्वयंचलित ठेवू नका, तो सावलीतल्या हिरव्याला करडं करायला बघतो. उन्हाच्या, म्हणजे साधारण ५५०० केल्व्हिनच्या खुणेवर कायम ठेवा आणि घरी थोडं खाली-वर करा.

साहित्याचं विचारलंत म्हणून सांगतो, सध्याचाच कॅमेरा ठेवा. खर्च करायचाच असेल तर आधी पोलरायझर घ्या, म्हणजे लेन्सपुढे लावून फिरवायची, चकाकी कमी करणारी काच. पानांवर मेणाचा पातळ थर असतो, त्यावर आभाळाचा पांढुरका उजेड परावर्तित होतो आणि खालचा रंग झाकून टाकतो. पावसानंतर हे आणखी वाढतं. ओल्या, रुंद पानासमोर पोलरायझर लावून सावकाश फिरवा. ती पांढरी साय कडेपासून ओसरत जाते आणि खालून शिरांसकट गर्द हिरवं वर येतं. हा बदल नंतर संगणकावर करता येत नाही, कारण चकाकीखालचा रंग कॅमेऱ्यात आलेलाच नसतो. मात्र पूर्ण चकाकी काढून टाकली तर पान निर्जीव वाटतं, थोडी राहू द्यावी. याने एक-दोन स्टॉप उजेड कमी होतो, त्यामुळे दुसरी खरेदी ट्रायपॉडची. ट्रायपॉडने माझा वेग आणखी मंदावला, हा त्याचा मला सगळ्यात आवडणारा गुण. लेन्स रुंद कोनाची नको. तिच्यात सगळंच येतं आणि ‘सगळं’ हीच तुमची अडचण आहे. सत्तर ते दोनशे मिलीमीटरमधली कुठलीही चालेल. फोनवर असेल तर दोन किंवा तीन पटीची लेन्स वापरा.

आता ज्याने माझं चालणं आणि फोटो काढणं एकत्र आलं त्याबद्दल. तुम्ही दर वेळी वेगळ्या वाटेने जाता असं लिहिलंय. निदान तीनातल्या एका वेळी त्याच वाटेने, त्याच तुकड्यात जा. माझा असा एक तुकडा आहे, फार तर दोनशे पावलांचा. तिथे एक मोठं झाड वादळात पडलं, त्याला आता नऊ वर्षं झाली. पहिल्या वर्षी मी त्याचा एकच फोटो काढला, पडलेल्या झाडाचा. दुसऱ्या वर्षी साल सुटायला लागली आणि तिच्याखाली किड्यांनी कोरलेल्या नागमोडी वाटा दिसल्या. मग एका पावसाळ्यात बुंध्याच्या एका बाजूने करड्या-तपकिरी कवकांच्या पायऱ्या फुटल्या. प्रत्येक पायरीची कड पांढरी, बोट लावलं तर कातड्यासारखी चिवट. वरच्या बाजूला शेवाळ धरलं. ते कोरडं असताना काळपट, चुरगळलेलं दिसतं आणि पावसाच्या पहिल्या सरीनंतर काही मिनिटांत फुलून हिरवंगार होतं. हा बदल मी तासभर भिजत पाहिलाय. सहाव्या वर्षी एका खाचेत, कुजक्या लाकडाच्या भुशात, कुठल्याशा झाडाचं रोपटं उगवलं. आता त्याची मुळं ओंडक्याच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरताहेत. एक मूळ पेन्सिलीएवढं जाड झालंय आणि जमिनीपासून चार बोटं वर आहे.

या ओंडक्याचे माझ्याकडे साठेक फोटो असतील. एकेकटा घेतला तर त्यांतले बरेचसे साधेच वाटतील. पण पुढच्या खेपेला ते मूळ जमिनीला टेकलेलं असेल का, या ओढीने माझी पावलं तिकडे वळतात. नवं ठिकाण डोळे दिपवतं, पण तिथे पाय कशाने थांबले हे पटकन कळत नाही. ओळखीच्या जागेत काल नव्हतं ते आज लगेच दिसतं. तुमचा मूळ प्रश्न चालण्याची मजा गेली असा होता, म्हणून हा उपाय मी सगळ्यांत वरचा धरतो.

काही गोष्टी थोडक्यात. चौकट साफ करायला फांद्या मोडू नका, रोपं उपटू नका, स्वतः सरका. दगडावरचं दगडफूल तुडवू नका, त्याच्या काही जाती वर्षाला एक मिलीमीटरहूनही कमी वाढतात. घरट्याच्या जवळ थांबू नका, पक्ष्यांना बोलवायला ध्वनिमुद्रण वाजवू नका, फ्लॅश वापरू नका. त्या त्या जंगलाचे प्रवेशाचे आणि वेळेचे नियम असतात, ते पाळा.

कॅमेरा घरी ठेवायचा का, याचंही उत्तर राहिलं. कधीकधी, हो. मी चार-पाच फेऱ्यांतली एक तशी करतो. वही नेतो आणि थांबलो तिथे ते वाक्य लिहून ठेवतो. सुरुवातीला अशा फेरीत हात शिवशिवतात, चुकल्यासारखं वाटतं. तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून वाक्यं नेमकी होत जातात आणि पुढे कॅमेरा नेला की फोटोंची संख्या आपोआप उतरते. मी पूर्वी एका फेरीत तीनशे फोटो काढायचो, आता आठ-दहा होतात.

पुढच्या दोन-तीन फेऱ्यांत असं करून बघा. नंतर फोटो दाखवलेत तर मी नक्की बघेन, पण प्रत्येक फोटोबरोबर पाय कशाने थांबले ते वाक्यही लिहा. त्या वाक्यातलं काय चौकटीत आलं आणि काय बाहेर राहिलं, ते मग आपल्याला फोटोगणिक बोलता येईल.